मढपुरती पुरवणी

डिंभ्याच्या बसथांब्यावर गाड्यांचं वेळापत्रक लावलेलं आहे. त्याच्याखाली वहीचा एक कागद डकवलेला असतो. पावसात भिजून गेला की आठ-पंधरा दिवसांत नवा येतो. त्यावर सरकारी दस्ताला शोभेल अशा वळणदार अक्षरात लिहिलेलं असतं :

"पुरवणी. फक्त डिंभे थांब्यापुरती. एक : वरील वेळा अंदाजे समजाव्यात. दोन : सकाळची गाडी आल्यास येईल. तीन : सदर बाबतीत कंडक्टरशी वाद घालू नये, त्यांनाही कल्पना नसते."

खाली सही. सहीखाली दोन साक्षीदार. एक समोरच्या चहावाल्याची सही, आणि दुसरा, धरणातले मासे विकायला बसणाऱ्या बाईचा अंगठा.

हा कागद लावणारे गृहस्थ म्हणजे आमचे खंडूअप्पा. डिंभे ही त्यांची सासुरवाडी, काशीकाकूंचं माहेर. राहतात मात्र मढला, माळशेजच्या रस्त्यावर, माझ्या हॉटेलच्या मागच्या आळीत. जुन्नरला नोंदणी कार्यालयाबाहेर झाडाखाली टेबल टाकून त्यांनी तीस-पस्तीस वर्षं लोकांचे दस्त लिहिले. खरेदीखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, वाटणीपत्र. वय झालं तेव्हा टेबल उचललं, पण सवय काही उचलली गेली नाही.

ती सवय अशी. कुठलाही छापील मजकूर समोर आला, की अप्पा तो शेवटपर्यंत वाचतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "हे झालं समद्यांचं. आता हितलं काय?"

मग इथलं काय ते स्वतःच लिहून जोडतात.

याचं मूळ म्हणे एका गोठ्याच्या भाडेपट्ट्यात आहे. नव्यानेच लिहायला लागले होते तेव्हाची गोष्ट. भाड्याचा छापील नमुना शहरातल्या इमारतीसाठी केलेला. त्यात लिफ्ट, जिना, सामाईक गच्ची सगळं होतं. शेतकऱ्याने विचारलं, "ह्ये लिफ्ट काय असतं? ते मला द्यावं लागंल का?" अप्पांनी त्याला धीर दिला आणि खाली जोडलं, "सदर गोठ्यास लिफ्ट नाही व भविष्यात बसविण्याचा मालकाचा मानस नाही." तेव्हापासून छापील कागदावर त्यांचा विश्वास बसला नाही.

ओतूरच्या डॉक्टरांनी एकदा गोळ्या लिहून दिल्या, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. अप्पा दाराशी गेले आणि परत आले. "डॉक्टर, आमी जेवतो दोनदा. तिसऱ्या गोळीनं कुनाकडं बघायचं?" डॉक्टर म्हणाले, घ्या काहीतरी खाऊन. अप्पांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं, "तिसरे जेवण म्हणजे दोन बिस्किटे धरावीत," आणि डॉक्टरांची सही घेतली. आता डॉक्टर त्यांच्या चिठ्ठीवर आपण होऊनच "अप्पांपुरतं" असा मथळा देऊन दोन ओळी लिहितात. बाकीचे पेशंट म्हणतात, आम्हाला का नाही?

पुतण्याच्या लग्नाची पत्रिका छापून आली. "अगत्य येण्याचे करावे" वगैरे. अप्पांनी चारशे पत्रिकांना चारशे चिठ्ठ्या जोडल्या : "टोमॅटोची तोडणी चालू असल्यास पाहुण्यांनी थेट जेवणाच्या वेळी आले तरी मान राखला असे समजण्यात येईल." पुतण्या चिडला. पण लग्नाला लोक आले, आणि बरेचसे थेट पंगतीत बसले. अप्पा वाढपाच्या ओळीतून हिंडत होते आणि एकेकाला सांगत होते, "चिठ्ठी वाचली न्हवं? मग लाजायचं न्हाई, पावणं."

अप्पांबद्दल सांगायला लागलो की मी असा हसत सुटतो आणि मग मधेच थांबतो. कारण या माणसाशी मी खोटं बोललो, आणि ते खोटं त्यांनी माझ्या आईपर्यंत, अगदी प्रामाणिकपणे, पोचवलं. ते सांगायलाच खरं तर बसलो आहे.

माझं हॉटेल बारा खोल्यांचं. पावसाळ्यात धबधबे बघायला माणसं येतात तेव्हा भरतं, एरवी खोल्यांना कुलपं आणि मी काउंटरवर. मागच्या वर्षी ठरवलं की एका मोठ्या कंपनीचा बोर्ड लावायचा. नाव त्यांचं, हॉटेल आपलं. त्यांच्या ॲपवर आपली खोली दिसणार, त्यांच्या चादरी, त्यांचे नियम. फ्रँचायझी म्हणतात त्याला. कंपनीचा निखिल नावाचा पुण्याचा तरुण अधिकारी येऊन कराराचं बाड ठेवून गेला. चांगलं उशीइतकं जाड, इंग्रजीत.

मी ते अप्पांपुढे ठेवलं. अप्पांचं इंग्रजी दस्तांमधून शिकलेलं. 'हिअरइनआफ्टर' त्यांना कळतं, शाम्पूच्या बाटलीवरचं कळत नाही. चार दिवस ते माझ्या डायनिंग हॉलमध्ये खिडकीशी बसले, ओळीखाली पट्टी धरून वाचत. करार त्यांना काही विशेष वाटला नाही. "लांबण लावलंय नुसतं," म्हणाले. पण पाचव्या दिवशी सकाळी मी काउंटरवर होतो तर आतून हाक आली, "वसंता! आरं वसंता! हिकडं ये!"

मला वाटलं, कुठं सही करू नये असं काही सापडलं.

बाडाच्या शेवटी वेगवेगळ्या राज्यांच्या पुरवण्या होत्या. प्रत्येक राज्याची वेगळी. मूळ करार सगळ्या देशाला एक, पण अमुक राज्यात हे कलम लागू नाही, तमुक राज्यात त्याऐवजी असं वाचावं. गुजरातच्या पानावर बारचं कलम सरळ काढून टाकलेलं. कुणाच्या पानावर लिहिलेलं, भांडण झालं तर खटला आमच्याच राज्यात चालेल, कंपनीच्या गावाला यायला लावू नका.

अप्पांचे डोळे भरून आले होते. खोटं सांगत नाही. "वसंता, ह्या कंपनीला कळतंय रे. जागा बदलली की कागद वाकवावा लागतो, हे कळतंय. मी पस्तीस वर्सं येड्यावानी लिहीत व्हतो, लोकं हसायची. आन् ही एवढी मोठी कंपनी तेच करती!"

दोन दिवस त्यांनी सगळी राज्यं वाचून काढली. जुन्नर आणि आंबेगाव सोडून फारसे कुठं न गेलेले अप्पा चहा पिताना आता केरळवाल्यांचं कौतुक सांगायचे आणि तमिळनाडूच्या तिसऱ्या परिच्छेदावर नापसंती दाखवायचे. मग महाराष्ट्राचं पान आलं आणि ते गंभीर झाले.

"दीड पान," ते म्हणाले.

"मग?"

"दीड पानात मढ कुठं बसंल? चंद्रपूर निराळं, मढ निराळं. हे झालं राज्याचं. आता हितलं काय?"

आणि त्यांनी "मढपुरती पुरवणी" लिहायला घेतली. फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंना समास. तीन दिवस लागले. वाचून दाखवली तेव्हा मी एकीकडे फोनवर खोल्यांचे फोटो पाठवत होतो. जेवढं कानावर आलं तेवढं असं होतं :

"एक : घाटात दरड पडून रस्ता बंद झाल्यास खोल्या रिकाम्या राहतील. हा मालकाचा आळस समजू नये. दोन : छायाचित्रात खिडकीतून डोंगर दिसत असला तरी जुलै-ऑगस्टमध्ये फक्त पांढरे दिसेल. ते धुके होय, पडदा नव्हे. तीन : बिबट्याची खबर असल्यास पाहुण्यास अंधार पडल्यावर आवाराबाहेर सोडले जाणार नाही. पाहुणा रागावल्यास त्याची समजूत कंपनीने काढावी. चार : लाईट गेल्यास पाणी चुलीवर तापवून मिळेल. तेही गरमच असते..."

यापुढचं मी ऐकलं नाही. "झकास, अप्पा," म्हणालो आणि कागद खिशात घातला.

सह्यांच्या दिवशी निखिल आला. मी जरा चाचरतच तो कागद पुढे केला. त्याने बिबट्यापर्यंत वाचला आणि खो खो हसला. त्याने फोटोही काढला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला. "सर, स्टेट ॲडेंडम असतो. व्हिलेज ॲडेंडम आमच्या सिस्टीममध्येच नाहीये." मीही हसलो. त्याच्यापेक्षा जरा मोठ्यानेच हसलो, कारण मला भीती वाटली की असल्या गावठी माणसाला बोर्ड द्यावा की नाही असं त्याच्या मनात येईल. कागद काउंटरच्या खणात टाकला, कराराच्या सगळ्या पानांवर सह्या केल्या.

संध्याकाळी अप्पा विचारायला आले. "लावला का?"

"लावला," मी म्हणालो.

"कितव्या पानावर?"

"सगळ्यात शेवटी."

"सही झाली कंपनीची त्याच्यावं?"

"झाली."

अप्पांनी नुसती मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या मढला माहीत झालं होतं की देशभरच्या राज्यांच्या पंगतीत शेवटच्या पानाला मढ बसलं आहे. किराणा दुकानदार मला म्हणाला, "भाऊ, आपलं गाव लई वर गेलं राव." मी हो म्हणालो. एकदा खोटं बोललं की पुढची फार सोपी असतात, हे मला त्या आठवड्यात कळलं.

दिवाळीनंतर कंपनीची पहिली तपासणी ठरली, दोन दिवसांची. तपासणीत नापास झालं तर बोर्ड मिळणार नाही, आणि मालकाने स्वतः हजर राहायचं, असं करारातच होतं. पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला पिंपरी पेंढारहून, आई राहते त्या आमच्या मूळ गावाहून, चुलतभावाचा फोन आला. आई मोरीत घसरून पडली होती. मनगट मोडलं होतं आणि डोक्याला मार होता. आळेफाट्याच्या दवाखान्यात नेली होती. शुद्धीवर होती, पण डॉक्टर म्हणत होते की दोन दिवस लक्ष ठेवायला लागेल.

बायको मुलीच्या परीक्षेसाठी पुण्याला. तपासणीवाले नारायणगावपर्यंत आलेले. अप्पा समोरच चहा घेत होते. वडील गेल्यापासून आमच्या घरचा एकच वडीलधारा माणूस म्हणजे अप्पा. वडिलांचे ते दोस्त, आई त्यांना भावजी म्हणते. मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही पुढं व्हा. मी आलोच."

अप्पा चहा अर्धा टाकून उठले. पिशवीत एक धोतर कोंबलं आणि मिळेल त्या जीपने गेले.

मी आलोच असं म्हणालो आणि तिसऱ्या दिवशी गेलो.

मधल्या दोन दिवसांत मी तपासणीवाल्यांना चादरींचे कोपरे दाखवले, अग्निशामक नळकांडी दाखवली, पाहुण्याला नमस्कार कसा करतो ते करून दाखवलं. तासातासाला फोन करत होतो. फोन अप्पा उचलायचे. "बऱ्या हायेत. झोपल्यात. तू कधी निघतोस?" मी म्हणायचो, निघतोच. शेवटच्या फोनला त्यांनी निघण्याचं विचारलं नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आई खाटेवर बसून पेज पीत होती. वाटी अप्पांनी धरली होती. आई म्हणाली, "कामात व्हतास. आसू दे." एवढंच. मी तिच्या पायाशी बसलो. पाय तिने जरासे आखडून घेतले.

बाहेर आलो तर चुलतभावाने बाजूला घेतलं. "एक इचारू का भाऊ? म्हातारी पहिल्या दिवशी म्हणत व्हती, कंपनी सोडत नसंल त्याला. तर अप्पा म्हणले, न्हाई वहिनी, सोडती. म्या लिहून दिलंय, पाचवं कलम. घरात दुखणं आलं तर मालकानं हाटेल बंद करून निघायचं, कंपनीनं कारणबी इचारायचं न्हाई. त्याच्यावं सही हाय कंपनीची. येईल त्यो." तो थांबला. "मंग ती दोन दिवस दाराकडं बघत व्हती."

पाचवं कलम मला माहीतच नव्हतं. मी चौथ्यापर्यंतच ऐकलं होतं.

आता माझी अशी गत झाली की कंपनीने सोडलं नाही म्हणावं तर अप्पांचा कागद खणात पडला आहे हे उघडं होणार. गप्प बसावं तर आईच्या लेखी, येता येत असून न आलेला मुलगा. मी गप्प बसलो. तपासणीत पास झालो होतो. हॉटेलवर निळा बोर्ड लागला, रात्री चमकतो.

अप्पा माझ्याकडे चहाला यायचे थांबले. भांडले नाहीत, टाकून बोलले नाहीत. एक चिठ्ठी तेवढी आली, काउंटरवर फुलदाणीखाली ठेवलेली. "पुरवणी. आजपासून चहा घरीच. इतर संबंध पूर्ववत." त्या चिठ्ठीवरही दोन साक्षीदार होते. एक माझाच स्वयंपाकी.

तीन आठवडे काढले. आईला फोन केला की ती तब्येतीचं सांगायची, मी हॉटेलचं सांगायचो, आणि दोघंही लवकर ठेवायचो. शेवटी एका दुपारी तो फुलस्केप खणातून काढला आणि काउंटरवर उभ्यानेच पहिल्यांदा पुरता वाचला. पाचवं कलम सगळ्यात लहान होतं. बाकीच्या कलमांत विनोद होता, निदान आम्हाला तसा वाटायचा. या कलमात काहीच नव्हतं. "मालकाच्या घरातील माणूस आजारी असल्यास मालक निघून जाईल. मागचे मागे बघता येईल."

कागद घेऊन मागच्या आळीत गेलो. अप्पा ओसरीवर बसून कोऱ्या कागदाला पेन्सिलीने समास आखत होते.

"अप्पा, हा कागद करारात नाही."

"म्हंजी? पान इकडंतिकडं झालं का?"

"लावलाच नाही. ते हसले, मीही हसलो. पहिल्या दिवसापासून खणात आहे."

अप्पांनी पट्टी खाली ठेवली. मग हळूच, जणू मलाच सांभाळून घेत, म्हणाले, "आसं व्हय. मंग तुला त्या दिवशी जाता येत नव्हतं. कलमच न्हाई तर तू काय करणार?"

त्यांनी वाट करून दिली होती. हो म्हणालो असतो तर त्यांच्यापुढे सुटलो असतो आणि संध्याकाळपर्यंत आईपुढेही.

"नाही अप्पा," मी म्हणालो. "निखिलला फोन करून विचारता आलं असतं. एक दिवस पुढं ढकला म्हणता आलं असतं. मी विचारलंच नाही. तो नाही म्हणेल म्हणून नाही. हो म्हणेल आणि मग मनात काहीतरी ठेवेल, म्हणून."

अप्पा ओसरीच्या खांबाला टेकले. मला वाटलं, आता बोलतील. ते बोलले, पण मला नाही.

"मला तर कुनाचाच करार नव्हता," ते म्हणाले. "टेबल माझं. खुर्ची माझी. मला कोण अडवणार? काशीला पुण्याच्या दवाखान्यात ठेवली व्हती. थोडे दिस हायेत, ते डॉक्टर बोललेच व्हते. रात्री ती म्हणली, उद्या नगा जाऊ. मी म्हणलं, मुंबईची पार्टी येणार हाय, दस्त व्हायचाय, दुपारपातुर येतो. पहाटंच्या गाडीनं जुन्नरला आलो. दस्त लिहिला. दुपारी दवाखान्यातनं सांगावा आला."

काशीकाकू गेल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. अप्पा दवाखान्यातच होते असं आम्ही सगळे समजत होतो.

"कुणाचा दस्त होता?" मी विचारलं.

"आठवत न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लई डोकं चालवलं, वसंता. पार्टी कोण, जमीन कुठली, काय म्हंजी काय आठवत न्हाई. तिचं आठवतं. पदर हातात धरून बसली व्हती. तवापासून मला वाटतं, हे कागदातच आसलं पायजे. कागदात लिहिलेलं आसलं की मानूस निघतो. निघत आसंल न्हवं?"

ते खरोखर विचारत होते. एवढी वर्षं ते सगळ्यांना उत्तरं लिहून देत आले, आणि हे एक माझ्याकडून हवं होतं. कलम करारात असतं तर मी गेलो असतो का? मला माहीत नाही, आणि तेच मी सांगितलं.

अप्पांनी मान हलवली. समास आखलेला कोरा कागद घडी करून ठेवला आणि कोपऱ्यातली टोपी घेतली. "चल," म्हणाले.

"कुठं?"

"वहिनीकडं."

"आत्ता? तीन वाजता पाहुणे यायचेत अप्पा, दोन खोल्या आहेत."

अप्पा चपला घालत होते. मी हॉटेलवर गेलो, स्वयंपाक्याला किल्ल्या दिल्या आणि मोटारसायकल काढली. वाटेत फोन दोनदा वाजला. अप्पा मागे माझा खांदा धरून बसले होते.

पिंपरी पेंढारला पोचलो तेव्हा आई ओट्यावर होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने वाटाणे सोलत होती. दाणे कमी आणि फोलपटं जास्त अंगावर पडली होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग उन्हाकडे, मग अप्पांकडे.

"काय वं भावजी, भर दुपारचं कसं काय सोडलं ह्याला कंपनीनं?"

मी तोंड उघडलं. तिला सगळं सांगायचं, वाटेत जुळवून आणलेलं सगळं.

"कंपनीला इचारलंच न्हाई," अप्पा म्हणाले.

आईने ते ऐकून घेतलं. मग पायाशी असलेली शेंगांची पाटी तिने पायानेच माझ्या बाजूला ढकलली.

"एका हातानं व्हत न्हाई," ती म्हणाली. "बस. सोल."